अभयारण्यातल्या इमारती आणि रोजचा कारभार: जंगलावरचा भार टप्प्याटप्प्याने कसा कमी करायचा

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचा नैसर्गिक अंधार जपणारं उद्यान) हा दर्जा मिळाला. भारतातलं असं हे पहिलं ठिकाण. त्यासाठी सिल्लारी, वाघोली अशा लगतच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले आणि त्यांचा प्रकाश फक्त जमिनीकडे पडेल अशी सोय केली. दिव्यांच्या या बदलाला नवी इमारत लागली नाही, मोठं यंत्रही लागलं नाही. तरीही रात्री वावरणाऱ्या किड्यांना, वटवाघळांना आणि घुबडांना त्यांचा अंधार परत मिळाला.

हे उदाहरण सुरुवातीलाच देण्याचं कारण असं, की अभयारण्यातल्या इमारती पर्यावरणस्नेही करायच्या म्हटलं की पहिली मागणी सौर पॅनेलची होते. पॅनेल लागतातच, त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण इमारतीतून जंगलात काय काय जातं, म्हणजे उजेड, आवाज, सांडपाणी, उष्टं, फिनेल, धूर, ते आधी थांबवायला हवं. खरेदी त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की वीजबिल शून्यावर येतं आणि दिवे मात्र रात्रभर जळत राहतात, कारण वीज आता फुकट आहे.

हा लेख वनपरिक्षेत्र कार्यालय, पर्यटन गेट, निसर्ग माहिती केंद्र, विश्रामगृह, उपाहारगृह आणि संरक्षण कुटी (वनरक्षकांची जंगलातली राहती चौकी) चालवणाऱ्यांसाठी आहे. ग्राम परिस्थितीकीय विकास समितीच्या सदस्यांना आणि जंगलालगत होमस्टे चालवणाऱ्यांनाही यातलं बरंच वापरता येईल.

आधी पाहणी, आणि तीही रात्री

पाहणी पूर्ण होईपर्यंत खरेदीचा एकही कागद पुढे सरकवू नका. एक नोंदवही करा. तिच्यात विजेचे युनिट, जनरेटरचं डिझेल, गॅस सिलिंडर आणि सरपण, टाकी किती वेळा भरली, गाड्यांचे किलोमीटर आणि बाहेर गेलेल्या कचऱ्याची पोती, एवढंच रोज लिहायचं. नोंद ठेवण्याचं काम एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांकडे दिलेलं काम कुणीच करत नाही.

दोन साध्या चाचण्या फार काही सांगून जातात. रात्री झोपताना मीटरचा आकडा लिहा आणि पहाटे पुन्हा लिहा. मधला फरक म्हणजे कुणीही वापरत नसताना गेलेली वीज. तसंच रात्री टाकीतल्या पाण्याची पातळी खडूने आखून ठेवा. सकाळी पाणी त्या रेघेखाली गेलं असेल तर कुठेतरी गळती आहे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवतो, आणि विश्रामगृहांच्या फ्लश टाक्या तर याच्या कितीतरी पट गळत असतात.

तिसरी फेरी अंधार पडल्यावर. इमारतीपासून दोनशे-तीनशे मीटर लांब जाऊन उभं राहायचं, बॅटरी बंद करायची आणि बघायचं: कोणता दिवा थेट डोळ्यात येतो, झाडांच्या शेंड्यांवर उजेड पडतो का, जनरेटरचा आवाज कुठवर पोहोचतो, उपाहारगृहामागे कुत्री जमतात का. दिवसाच्या पाहणीत यातलं काहीच दिसत नाही.

पाहणी दोनदा व्हायला हवी, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा भर पावसात. उन्हाळ्यात पाण्याचा ताण आणि पंख्यांचा भार कळतो. पावसाळ्यात गळकं छप्पर, तुंबलेला शोषखड्डा आणि मरगळलेलं सौर यंत्र उघडं पडतं.

नवी इमारत हवीच आहे का?

याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असं असतं. पर्यटक निवास, मोठं माहिती केंद्र, वाहनतळ आणि उपाहारगृह अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावालगत असावं. वीज आणि रस्ता तिथे आधीच असतात, कचऱ्याची गाडी तिथवर येते आणि रोजगारही गावातच राहतो. आत राहावं ते फक्त संरक्षणासाठी लागणारं बांधकाम: संरक्षण कुटी, वायरलेस, गस्तीचा निवारा.

कायदाही याच बाजूचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३३ प्रमाणे अभयारण्यात व्यावसायिक वापराची पर्यटक निवासं बांधायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वपरवानगी लागते, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्यात सरकारी निवासंही स्पष्टपणे आली. कलम २९ ओढ्याचं पाणी वळवण्यावर आणि अडवण्यावर बंधन घालतं, तर कलम ३२ वन्यजीवांना अपाय करणाऱ्या रसायनांवर. हे शेवटचं कलम पुढे उंदीर मारण्याच्या औषधाशी येतं, म्हणून लक्षात ठेवा.

जुनी इमारत असेल तर पाडू नका. एक टन सिमेंट तयार होताना साधारण सहाशे ते नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि जुन्या भिंतीत तो खर्च एकदा होऊन गेलेला आहे. ब्रिटिशकालीन विश्रामगृहांचे जाड दगडी भिंतींचे, उंच छताचे, चारी बाजूंनी व्हरांडा असलेले बंगले आजच्या सपाट स्लॅबच्या खोल्यांपेक्षा उन्हाळ्यात कितीतरी थंड राहतात. त्यांची डागडुजी करणं हेच खरं पर्यावरणस्नेही बांधकाम.

छप्पर आणि भिंती: उष्णता आत येऊच न देणं

चंद्रपूर-ताडोबा भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तिथे पत्र्याच्या कुटीत राहणाऱ्या वनरक्षकाला कूलर नाकारून ऊर्जाबचत होणार नाही, आणि तसं करणं माणुसकीचंही नाही. आधी छप्पर दुरुस्त करायचं.

सपाट स्लॅब असेल तर पांढऱ्या चुन्याचे दोन-तीन हात द्या. दर उन्हाळ्याआधी हे काम पुन्हा करावं लागतं, पण गावातला कुणीही ते करू शकतो. पत्र्याचं छप्पर असेल तर खाली बांबूच्या तट्ट्याचं छत बांधा आणि पत्रा व तट्टा यांच्यामध्ये किमान हातभर मोकळी जागा ठेवा. त्या जागेतली गरम हवा बाहेर पडायला दोन्ही टोकांना जाळीच्या खिडक्या लागतात. जाळी बारीक हवी, नाहीतर उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन थेट पडत असेल तर व्हरांडा वाढवणं किंवा वेल चढवणं एसीपेक्षा स्वस्त पडतं.

नवं बांधकाम टाळता येत नसेल तर जवळपासच्या घरांकडे बघा. कोकणात आणि गोव्यात जांभा आणि मंगलोरी कौलं, देशावर काळा दगड, मेळघाटात कोरकूंच्या घरांसारख्या बांबूच्या कुडाच्या आणि मातीने लिंपलेल्या भिंती. विटांचीच भिंत असेल तर लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट-ट्रॅप बॉण्डची पद्धत वापरा. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवल्यामुळे जवळपास चौथा हिस्सा विटा वाचतात आणि ती पोकळी उष्णताही अडवते. बांबू वापरायचा तर तो बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला हवा, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत भुंगा त्याचा भुगा करतो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, तिथून कारागीर मिळू शकतात. त्याच केंद्राच्या इमारतीला मोठी आग लागली होती. बांबूच्या इमारतीत वायरिंग लोखंडी नळीतून घ्या आणि स्वयंपाकघर वेगळ्या छपराखाली ठेवा, असं मी आग्रहाने सांगतो.

बांधकामाच्या वाळू-मातीतून गाजरगवताचं बी येतं. जिथे खडी उतरवली तिथे पहिल्या पावसानंतर नजर ठेवा आणि फुलोरा येण्याआधी उपटून टाका. आवारात हिरवळ नको, शोभेची विदेशी झाडं नकोत, सुबाभूळ तर मुळीच नको. जंगलात आजूबाजूला जे उगवतं तेच आवारात उगवू द्या.

वीज: आधी गरज छाटा, मग पॅनेल मोजा

इथे आकडे मांडूनच बोलू. चार माणसांची एक संरक्षण कुटी घ्या. ९ वॉटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास चालले तर १८० वॉट-तास. वायरलेस आणि मोबाइल चार्जिंगला साधारण १०० वॉट-तास. जुने ७५ वॉटचे दोन पंखे दहा तास चालले तर १,५०० वॉट-तास. एकूण जवळपास पावणेदोन युनिट (१,००० वॉट-तास म्हणजे एक युनिट). आता तेच पंखे बदलून ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावा. पंख्यांचा खर्च ६०० वॉट-तासांवर येतो आणि एकूण गरज ९०० च्या आत बसते. दोन पंखे बदलल्यामुळे पॅनेल आणि बॅटरी दोन्ही अर्ध्यावर आली.

महाराष्ट्रात १ किलोवॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण ४ युनिट देतं, सह्याद्रीच्या पावसात मात्र निम्म्याने किंवा त्याहून कमी. म्हणून हिशेब नेहमी जुलैचा धरायचा. वरच्या कुटीला ५०० वॉटचं पॅनेल पुरतं: उन्हाळ्यात २ युनिट, पावसाळ्यात एखादं. साठवण दोन दिवसांची ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली तर लवकर मरते, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते. दुर्गम कुटीत डिस्टिल्ड वॉटर घेऊन दर महिन्याला कोण जाणार? तिथे महाग असली तरी लिथियमच बरी.

पॅनेलसाठी झाड तोडायचं नाही, फांदीसुद्धा नाही. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी जोडणीतल्या सगळ्या पॅनेलचं उत्पादन घसरू शकतं, त्यामुळे दाट झाडीतल्या छपरावर पॅनेल लावून उपयोगही नाही. गेटबाहेरच्या वाहनतळाच्या शेडवर लावा, त्याने गाड्यांनाही सावली मिळते. वानरांच्या उड्यांनी काचा फुटतात. जिथे टोळ्या मोठ्या आहेत तिथे पॅनेल खांबावर चढवा आणि खांबाला पत्र्याची गुळगुळीत गुंडाळी करा. वीजरोधक आणि अर्थिंग या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका. उघड्या माळावरच्या आणि टेकडीवरच्या कुट्यांची उपकरणं पहिल्या वळवाच्या विजांतच जळतात.

विश्रामगृहात अंघोळीच्या पाण्यासाठी अजून कित्येक ठिकाणी बंब पेटतो आणि त्याचं सरपण शेजारच्या जंगलातून येतं. शंभर-दोनशे लिटरचा सौर बंब हा माझ्या मते अभयारण्यातला सगळ्यात चटकन फायदा देणारा खर्च आहे. त्यातून जळाऊ लाकूड वाचतं, आणि गावकऱ्यांना सरपण न आणण्याचे धडे देताना आपल्याच परसात मोळी दिसत नाही.

ताडोबा, मेळघाटसारख्या ठिकाणी पाणवठ्यांवर सौरपंप बसवले गेले आहेत. टँकरच्या फेऱ्या आणि डिझेल वाचतं, हा मोठाच लाभ. पण सूर्य असेपर्यंत सौरपंप उपसतच राहतो. पाणी वाहून आजूबाजूला चिखल होतो, तण माजतं आणि भूजल उगाच उपसलं जातं. प्रत्येक पाणवठ्यावर पातळी भरताच पंप बंद करणारा फ्लोट स्विच लावा आणि पावसाळ्यात पंप पूर्ण बंद ठेवा.

दिवे

नियम थोडके आहेत. जिथे माणूस चालतो तिथेच दिवा. वरून आणि बाजूंनी झाकलेला, उजेड फक्त खाली. रंग पिवळसर: ३००० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप, आकडा वाढला की उजेड पांढरा-निळसर होतो) वर कधीच नाही, आणि जमलं तर २२०० केल्विनचा अंबर. पायवाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीचे दिवे पुरतात आणि त्यांना हालचाल ओळखणारा सेन्सर असावा. झाडांवर सोडलेले रंगीत फोकस आणि गेटवरचे हॅलोजन आजच उतरवा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजवे पाहायला हजारो माणसं येतात. काजव्यांची नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणेने शोधतात, आणि गाड्यांच्या दिव्यांत त्या खुणा हरवतात. त्या दिवसांत निवासांचे बाहेरचे दिवे बंद आणि वाहनतळ काजव्यांच्या झाडांपासून लांब, एवढी तरी शिस्त हवी. वेळास, आंजर्ले किंवा गोव्यातल्या मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवर हीच गोष्ट कासवांच्या पिल्लांची. ती उजेडाकडे चालतात, आणि तो उजेड समुद्राऐवजी उपाहारगृहाचा असेल तर ती किनाऱ्यावरच मरतात.

पाणी साठवा, पण मोजून

१०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १०० लिटर पाणी मिळतं. पनवेलजवळच्या कर्नाळ्यासारख्या ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटर धरला आणि वाया जाणारं वजा केलं तर तेवढ्याच छपरावरून २ लाख ४० हजार लिटर. निफाडसारख्या ५०० मिलिमीटरच्या भागातही ४० हजार लिटर मिळतात. आकडा पाहून लोक प्रचंड टाक्या बांधायला निघतात. तसं करू नका. सहा कर्मचाऱ्यांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी ५ लिटर धरलं तर पावसाळा सोडून आठ महिन्यांना सव्वासात हजार लिटर लागतात. १० हजार लिटरची झाकलेली टाकी पुरते. उरलेलं पाणी विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जवळच्या, पाणी जमिनीत मुरवणाऱ्या भरण खड्ड्यात सोडा.

पहिल्या पावसाचं पाणी छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं. ते बाजूला काढणारी उभी नळी आणि तिच्या तळाला काढता येणारं बूच बसवा. टाकीच्या प्रत्येक तोंडाला डासाची जाळी लावा. डासांसाठी गप्पी मासे सोडण्याची आपल्याकडे सवय आहे. अभयारण्यात ती सोडून द्यावी लागेल. गप्पी इथले नाहीत, आणि टाकी वाहिली की ते ओढ्यात पोहोचतात.

शौचालय आणि सांडपाणी

या विषयाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि जंगलाच्या पाण्याला सगळ्यात जास्त धोका इथेच असतो.

जमीन मुरमाड आणि भूजल खोल असेल तर दोन शोषखड्ड्यांचं शौचालय उत्तम. एक खड्डा भरला की बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यातला मैला दीड-दोन वर्षांत दुर्गंधी नसलेलं खत होतो. पावसाळ्यातल्या भूजलपातळीपासून खड्ड्याचा तळ किमान दोन मीटर वर हवा, आणि विहीर, ओढा चांगला लांब.

पाणथळ जागी हा उपाय घातक आहे. नांदूर मध्यमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे तयार झालेली ही पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झाली. अशा जागी काठाजवळ भूजल हाताला लागेल इतकं वर असतं आणि शोषखड्डा थेट पक्ष्यांच्या पाण्यात मुरतो. तिथे पूर्ण बंदिस्त टाकी हवी, तिच्या पुढे गाळणीचा कप्पा आणि त्यापुढे खडी भरलेल्या वाफ्यात रामबाणासारख्या स्थानिक पाणवनस्पती. वाफ्याच्या तळाला पाणी न झिरपणारं अस्तर घाला. त्याहून चांगलं म्हणजे पर्यटकांचं शौचालय काठावर न बांधता गावाच्या बाजूला, उंचावर बांधणं.

अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी वेगळ्या नळीने काढा. उपाहारगृहाच्या नळीला तेल पकडणारी छोटी कुंडी लावा आणि ती दर आठवड्याला साफ करा, नाहीतर वाफा महिन्याभरात तुंबतो. ॲसिड आणि फिनेल ओतल्याने टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मरतात. धुण्याचा सोडा, ब्रश आणि नियमित हात, एवढ्याने शौचालय स्वच्छ राहतं.

जंगलात रात्रपाळी करणाऱ्या महिला वनरक्षक आता मोठ्या संख्येने आहेत. कुटीत कडी लागणारं, पाण्याची सोय असलेलं शौचालय आणि वापरलेले पॅड ठेवायला झाकणाचा डबा नसेल, तर बाकीच्या सगळ्या सुधारणा मागे ठेवा आणि आधी हे करा.

कचरा: आत येतो त्याचा हिशेब

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर काही एकदाच वापरायच्या वस्तूंवर. तरीही पाण्याची बाटली आणि वेफर्सचं पाकीट आत येतंच. गेटवर बाटल्या मोजून अनामत घ्या आणि परत येताना बाटली दाखवली की पैसे परत करा. हे काम बचत गटाकडे द्या. न परतलेली अनामत गटाला मिळू द्या. त्याच्या जोडीला गेटवर गाळलेलं थंड पाणी फुकट द्या, नाहीतर अनामत म्हणजे नुसता दंड वाटतो. आत कचरापेट्या ठेवू नका. पेटी दिसली की लोक टाकतात, आणि रात्री रानडुक्कर, वानर, अस्वल ती उलटी करतात.

उपाहारगृहाचं उष्टं हा खरा प्रश्न. उघड्यावर फेकलेल्या अन्नाने कुत्री जमतात, ती हरणांची पिल्लं मारतात आणि डिस्टेंपरसारखे रोग वन्यप्राण्यांपर्यंत पोहोचवतात. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने घरातल्या उरल्यासुरल्या अन्नावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र विकसित केलं. तसं संयंत्र गेटबाहेरच्या उपाहारगृहाला शोभतं, कारण तिथे रोज ठरावीक उष्टं निघतं. संरक्षण कुटीसारख्या ठिकाणी, जिथे चार माणसांचं खरकटं मूठभर असतं, झाकणाच्या पिंपातलं कंपोस्ट पुरे. पिंपाचं झाकण अडकवता आलं पाहिजे.

उंदरांसाठी विषारी गोळ्या ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर घुबड खातं, आणि तेही मरतं. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा, भोकं बुजवा, पिंजरा लावा. प्लास्टिक आणि पालापाचोळा जाळणं बंद. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी इमारतींभोवती जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळी केलेली पट्टी) काढताना पाला पेटवून देण्यापेक्षा गोळा करून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. जुन्या बॅटऱ्या आणि जनरेटरचं ऑइल पुरवठादाराने परत नेलंच पाहिजे, ही अट खरेदीच्या आदेशातच लिहा.

इमारत सापळा होऊ नये

उघडी विहीर असेल तर आधी कठडा बांधा. जुन्नर परिसरात विहिरीत पडलेले बिबटे वाचवण्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात, आणि कोल्हे, उदमांजरं, साप यांची तर बातमीही होत नाही. उघड्या टाक्यांत आणि गटारांत खडबडीत उतार किंवा फळी टाका, पडलेला प्राणी चढून बाहेर येईल. कुंपणाचे आणि सूचनाफलकांचे पोकळ खांब वरून बंद करा, छोटे पक्षी आत शिरून अडकतात. माहिती केंद्राच्या मोठ्या काचांवर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा रेघा हव्यात. एखादंच गरुडाचं स्टिकर लावून पक्षी धडकायचे थांबत नाहीत.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या माळरानावर विजेच्या तारा हा मोठा धोका. माळढोकाला समोरच्या तारा उशिरा दिसतात आणि त्याचं जड शरीर पटकन वळत नाही. इमारतीला येणारी लाइन शक्य असेल तर जमिनीखालून घ्या, नाहीतर उघड्या तारांऐवजी इन्सुलेशन असलेली एबी केबल वापरा. छप्पर उकलण्याआधी वटवाघळं आणि घरटी पाहा. पिल्लं असतील तर दुरुस्ती पुढे ढकला.

गाड्या

गस्तीच्या, रेशनच्या आणि पाण्याच्या फेऱ्या वेगवेगळ्या होत असतील तर त्या एकत्र करा. इंजिन सुरू ठेवून वाघाची वाट पाहणाऱ्या जिप्सीवर दंड ठरवा. सपाट पाणथळीत गाडीची गरजच काय? भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पर्यटक सायकलने आणि रिक्षाने फिरतात, आणि रिक्षावालेच पक्षी ओळखून दाखवतात. गोव्यात चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीतून वल्ह्याच्या होडीने गेलं तर यंत्राच्या होडीपेक्षा कितीतरी जास्त पक्षी दिसतात.

पैसा आणि देखभाल

निधी जिल्हा नियोजन समिती, महाऊर्जा (राज्याची ऊर्जा विकास संस्था), कंपन्यांचा सामाजिक निधी आणि बफरमधल्या, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना अशा वाटांनी मिळू शकतो. प्रस्ताव लिहिताना किमतीबरोबरच पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम त्याच कागदावर मागा. बंद पडलेली सौर यंत्रं मी पाहिली तिथे बहुतेकदा बिघाड किरकोळ होता: एक जळलेला फ्यूज, सैल झालेलं टर्मिनल, पॅनेलवरची धूळ. दुरुस्त करायला कुणी नव्हतं, एवढंच. गावातल्या आयटीआय झालेल्या दोन मुलांना बसवणीच्या वेळी बरोबर ठेवा आणि त्यांनाच मासिक तपासणीचं काम द्या. कुटीच्या भिंतीवर मराठीत वायरिंगचा नकाशा आणि काय बिघडलं तर काय करायचं याचा कागद चिकटवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात पन्हळी, पहिल्या पावसाची नळी, अर्थिंग, शोषखड्ड्यांची झाकणं आणि पॅनेलचे नटबोल्ट तपासून नोंदवहीत सही घ्या. देणगीदार देखभालीचे पैसे द्यायला तयार नसेल तर यंत्र लहान मागा, पण देखभालीशिवाय घेऊ नका.